राइड सुरक्षित आहे की नाही, हे रांगेत उभं राहूनही कळतं

प्रश्न मुलुंडच्या एका ताईंचा आहे. सोसायटीची बस नाताळच्या सुट्टीत खोपोलीकडच्या थीम पार्कला निघाली आहे, तिथे वॉटरपार्कही आहे. मुलगी पंधरा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा, उंची 128 सेंटिमीटर. मागच्या वर्षी एका पार्कात दोन तास रांगेत उभं राहिल्यावर 'टेक्निकल प्रॉब्लेम'चा बोर्ड लागला आणि सगळ्यांना परत पाठवलं. ऑपरेटर मुलाशी उर्मटपणे बोलला, असंही त्यांचं म्हणणं. त्यात व्हॉट्सॲपवर पाळणे तुटल्याचे व्हिडिओ येत असतात आणि सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा आपली माउंट मेरीची जत्रा बरी. तर या राइड्स खरंच सुरक्षित असतात का, आपल्यासारख्या साध्या माणसाला ते कसं ओळखता येईल, आणि एवढी गर्दी असताना जावं का?

माझी उमेदीची सगळी वर्षं राइड्सच्या मेन्टेनन्समध्ये आणि नंतर ऑपरेशन्समध्ये गेली. सुरुवातीला ग्रीस आणि पाने, नंतर वॉकीटॉकी. ताईंनी सुरक्षितता आणि गर्दी असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेत. माझ्या लेखी तो एकच प्रश्न आहे. राइडवर होणारी बरीचशी गडबड रांगेच्या दाबातून सुरू होते.

आधी यंत्राचं सांगतो, कारण भीती तिथे बसलेली असते. मोठ्या रोलर कोस्टरची गाडी रुळावर नुसती ठेवलेली नसते. तिला तीन बाजूंनी चाकं असतात. वरची वजन घेतात, बाजूची वळणावर गाडी रुळात ठेवतात आणि खालची रुळाच्या पोटाला धरून असतात, त्यामुळे गाडी उलटी झाली तरी सुटत नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कातली नायट्रो ही कोस्टर 2013 पासून धावते आहे. उंची साधारण 40 मीटर, वेग ताशी 105 किलोमीटरच्या आसपास, पायाखाली फरशीच नाही. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण गाडी सुटून उडेल ही भीती तिथे सगळ्यात बिनबुडाची आहे. सुरुवातीच्या चढावर जो टक-टक-टक आवाज येतो ना, तो खटक्यांचा. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून दात्यांमध्ये पडत जाणारे ते खटके. पोरं त्या आवाजाला घाबरतात. मला तो ऐकला की बरं वाटायचं.

पार्कचं गेट उघडायच्या कितीतरी आधी फिटर रुळावर चढलेला असतो. त्याच्या हातात बॅटरी आणि खिशात पेंटचा मार्कर. प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर, नटापासून खालच्या पत्र्यापर्यंत सलग एक रंगीत रेघ ओढलेली असते. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. शेकडो बोल्टांना रोज पाना लावणं शक्य नसतं, म्हणून ही युक्ती. तुम्हीही रांगेत उभ्या असताना जवळच्या खांबाच्या बुडाशी बघा, बहुतेक वेळा लाल किंवा पिवळी रेघ दिसेल. पायी तपासणी झाली की गाडी रिकामी फिरवतात, मग वाळूच्या पिशव्या किंवा पाण्याने भरलेले पुतळे बसवून फिरवतात. ऋतू संपला की जोड उघडून वेल्डिंग तपासतात. रंग खरवडून तिथे लाल द्रव लावायचा, पुसून टाकायचा आणि वर पांढरी पूड फवारायची. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल केस उमटतो. डोळ्यांना एरवी कधीच न दिसणारा तो केस फोटोत नाही, समोर उमटताना बघायला हवा. त्यानंतर माणूस चालढकल करत नाही.

मुंबईच्या पट्ट्यात याला एक वेगळी भर आहे, ती खाऱ्या हवेची आणि चार महिन्यांच्या पावसाची. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झालं, आता बंद आहे. खाडी ओलांडून जायचं, चारी बाजूंनी खारं वारं. अशा जागी लोखंडाला आतून गंज धरतो आणि रंगाने तो छान झाकलाही जातो. म्हणून कुठल्याही पार्कात नवा कोरा रंग बघून हुरळून जाऊ नका, आणि उडालेला रंग बघून घाबरूही नका.

आता अपघातांबद्दल. 14 जुलै 2019 ला अहमदाबादच्या कांकरियाला पेंडुलम राइडचा दांडा तुटला, दोन जण गेले आणि बरेच जखमी झाले. सप्टेंबर 2022 मध्ये मोहालीच्या एका मेळ्यात वर चढलेला पाळणा साधारण 50 फुटांवरून खाली आदळला. दोन्हींचे व्हिडिओ तुमच्याकडे येऊन गेले असतील. अशा घटनांमध्ये धातू थकतो, दोर झिजतो, आणि ते वेळेत कोणीतरी बघायचं असतं. पण आमच्या धंद्यातल्या माणसाला विचाराल तर तो तिसरीच घटना सांगेल, जी इथे फारशी कोणाला ठाऊक नाही.

इंग्लंडमधलं आल्टन टॉवर्स हे थीम पार्क, 2 जून 2015. तिथल्या स्मायलर नावाच्या कोस्टरवर गर्दी होती म्हणून त्या दिवशी चारऐवजी पाच गाड्या लावल्या. मध्येच एक बिघाड झाला, तपासणीसाठी रिकामी गाडी सोडली आणि ती चढ न ओलांडता रुळावरच अडकली. कोस्टरचा रूळ टप्प्यांत वाटलेला असतो. पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय कॉम्प्युटर मागची गाडी सोडत नाही, आपल्या लोकलच्या सिग्नलसारखंच. त्या कॉम्प्युटरने बरोबर ओळखलं की पुढे काहीतरी आहे, आणि माणसांनी भरलेली गाडी थांबवून ठेवली. इंजिनिअरांना मात्र पाचवी गाडी रुळावर आहे याचा पत्ता नव्हता. दिसत होत्या तेवढ्या गाड्या मोजल्या, हिशेब जुळला, सिस्टिम चुकतेय असं वाटलं आणि त्यांनी ती बाजूला सारून गाडी सोडली. ती अडकलेल्या गाडीवर आदळली. दोन तरुण मुलींना पाय गमवावा लागला. कंपनीला पुढे 50 लाख पौंड दंड झाला.

यंत्र शेवटपर्यंत बरोबर होतं, ही त्यातली खरी गोष्ट. गर्दी होती म्हणून जास्तीची गाडी आली, गर्दी होती म्हणून राइड लवकर सुरू करायची घाई आली, आणि घाईत माणसाने यंत्राचं ऐकलं नाही. मागच्या वर्षी तुमच्यासमोर 'टेक्निकल'चा बोर्ड लागला ना? दोन तास फुकट गेल्याचा राग समजू शकतो. पण मागे पाचशे माणसं ओरडत असताना बंद करायची हिंमत कोणातरी सुपरवायझरने दाखवली, एवढंही लक्षात घ्या. ओरडणाऱ्या रांगेसमोर तो बोर्ड लावणं सोपं नसतं. शिव्या खाव्या लागतात, वर ऑफिसातून फोन येतो तो वेगळाच. पार्कची चूक झाली असेल तर ती वेगळी आहे: किती वेळ लागेल हे रांगेच्या तोंडाशी आधीच सांगितलं नाही, आणि उन्हात उभ्या असलेल्यांना पाणी विचारलं नाही. त्याबद्दल जरूर तक्रार करा, लेखी करा.

तर ओळखायचं कसं? यंत्र बघू नका, त्यातलं तुम्हाला आणि दुरून मलाही फारसं कळणार नाही. प्लॅटफॉर्मवरची माणसं बघा. दोन गाड्या सुटेपर्यंत नुसतं बघत राहा.

ऑपरेटर प्रत्येक हार्नेस, म्हणजे खांद्यांवरून खाली येणारी पकड, हाताने खाली दाबून मग वर ओढून पाहतो का? नुसतं डोळ्यांनी बघत, टाळ्या दिल्यासारखा हात फिरवत पुढे जाणारा ऑपरेटर मला आवडत नाही. बेल्ट असेल तर तो ओढून बघतोय का? दोन्ही बाजूंचे दोघे एकमेकांकडे बघून अंगठा दाखवतात का, आणि त्यानंतरच गाडी सुटते का? बऱ्याच राइड्सना दोन वेगळी बटणं दोघांनी एकदम दाबावी लागतात. एकट्याच्या घाईवर गाडी सुटू नये, यासाठीच ती सोय. पॅनलवरचा माणूस मोबाइलमध्ये असेल, किंवा गाडी फिरत असताना त्याची रुळाकडे पाठ असेल, तर खुशाल रांग सोडा. आणि एखाद्याला 'तुम्ही बसू शकत नाही' असं सांगताना दिसला, समोरचा हुज्जत घालतोय आणि हा ढिम्म हलत नाही, तर त्या राइडवर निर्धास्त बसा.

यावरून तुमच्या मुलाशी 'उर्मटपणे' बोललेल्या ऑपरेटरकडे येतो. तुम्ही तपशील दिलेला नाही, पण 128 सेंटिमीटर ऐकून अंदाज येतो. मोठ्या कोस्टरला बहुधा 140 सेंटिमीटरची अट असते. लोकांना वाटतं ही अट धीटपणाची आहे. 'आमचा घाबरत नाही हो, दोन बोटांनी काय होतंय?' हे वाक्य मी इतक्या आज्यांच्या तोंडून ऐकलंय! बुटात वर्तमानपत्राच्या घड्या घातलेली, दोन-दोन मोज्यांवर आणलेली पोरं पाहिली आहेत. अट हाडांची आहे. हार्नेस खांद्यावर टेकला पाहिजे, लॅपबार, म्हणजे मांडीवर येणारा आडवा दांडा, मांड्यांच्या मुळाशी बसला पाहिजे. मूल लहान असेल तर तोच बार पोटावर येतो, आणि गाडी उतारावर सुटून अंग सीटवरून उचललं गेलं की मूल खालून सरकतं. त्यात 'थोडंसं चालेल' असं काही नसतं. ऑपरेटरने ते हसून सांगायला हवं होतं, हे मान्य. दिवसाच्या आठशेव्या माणसाला तेच सांगताना हसू आटतं, हेही खरं.

आणखी एक गोष्ट, जी बोर्डावर क्वचितच लिहिलेली असते. जिथे दोघांना मिळून एकच बार असतो, तिथे बार जाड माणसाच्या मांडीवर अडतो आणि शेजारच्या लहानग्यापुढे वीतभर मोकळी जागा राहते. म्हणजे 'बाबांजवळ बस, सुरक्षित राहशील' हा आपला हिशेब इथे उलटा पडतो. मुलाला त्याच्याच अंगकाठीच्या कोणाबरोबर बसवा. ब्रेक डान्ससारख्या गरगर फिरणाऱ्या राइडवर मात्र मूल आतल्या बाजूला आणि मोठा माणूस बाहेरच्या बाजूला, कारण सगळं वजन बाहेर फेकलं जातं. उलट बसवलंत तर बाबा मुलाच्या अंगावर. मुलीचे केस लांब असतील तर अंबाडा किंवा वेणी घालून ती टीशर्टच्या आत. ओढणी, स्कार्फ, लांब मंगळसूत्र बॅगेत. गो-कार्टवर तर हे काटेकोर पाळा. मागे उघडं इंजिन आणि फिरता दांडा असतो, आणि केस त्यात गेले तर काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

आता रांग. रांगेचा वेळ अंदाजे काढणं अवघड नाही. समजा गाडीत 24 जागा आहेत आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते. म्हणजे तासाला 480 माणसं. पुढे 700 माणसं असतील तर दीड तास. घड्याळ लावून दोन सुटण्यांमधलं अंतर मोजा आणि ठरवा, गेटवरच्या पाटीवर विसंबू नका. त्या तीन मिनिटांत गाडी फिरायचा वेळ तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी, आणि बाकीचा आपला. बॅगा ठेवणं, चष्मा काढू की नको, 'आम्हा चौघांना एकत्रच बसायचंय', उतरताना सेल्फी. अर्ध्या सीट रिकाम्या घेऊन गाडी सुटते ती यामुळेच. मॅनेजर रांग लांबली की ऑपरेटरला 'हात चालवा' म्हणतो. आता सांगा, ऑपरेटर कुठला वेळ कमी करू शकतो? बॅगा तुमच्या, हट्ट तुमचे. त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, हार्नेस ओढून बघण्याचे ते दोन-तीन सेकंद. म्हणून मी म्हणालो की प्रश्न एकच आहे. सामान आधीच लॉकरमध्ये टाकून, खिसे रिकामे करून चढणारं कुटुंब स्वतःपुरती तरी ती घाई कमी करतं.

जास्त पैसे भरून रांगेत पुढे जाऊ देणाऱ्या एक्स्प्रेस पासबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ज्याला परवडतो त्याने गर्दीच्या दिवशी घ्यावा, पण त्याने गाडीतल्या जागा वाढत नाहीत. तुम्ही पुढे गेलात तेवढी साधी रांग मागे सरकते. भरमसाट पास विकणाऱ्या पार्कात साध्या रांगेतल्यांची चिडचिड वाढते आणि तीही शेवटी प्लॅटफॉर्मवरच्या पोरावरच निघते.

राइडबाहेरची गर्दी ही वेगळी गोष्ट, आणि तिथे मुंबईकर जरा जास्तच निर्धास्त असतो. विरारची सकाळची गाडी पकडणाऱ्याला कसली आली गर्दीची भीती! रेल्वेच्या भाषेत आपल्या लोकलच्या डब्यात चौरस मीटरला चौदा-सोळा माणसं उभी असतात. पण डब्याला चार भिंती असतात आणि आतला माणूस चालत नसतो. उघड्यावर, जिन्यावर, अरुंद गेटात चौरस मीटरला चार माणसांपर्यंत आपण आपल्या पायांनी चालतो. सहा-सातच्या पुढे गर्दी आपल्याला चालवते. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पादचारी पुलावर पाऊस आला, वरचे उतरेनात आणि खालचे चढत राहिले. 23 माणसं गेली. पार्कात अशी वेळ दोनदाच येऊ शकते: संध्याकाळी परेड किंवा शो सुटल्यावर, आणि अचानक पाऊस आला की छपराखाली. शो संपायच्या पाच मिनिटं आधी उठा, किंवा सगळे गेल्यावर निवांत निघा. मधल्या लोंढ्यात मुलाचा हात धरून शिरू नका. हरवलात तर कुठे भेटायचं ती जागा सकाळीच दाखवून ठेवा, आणि मुलाच्या मनगटावर पेनाने मोबाइल नंबर लिहा. तिथे नेटवर्कचा भरवसा नसतो.

राइड मध्येच थांबली तर? बसून राहा. कोस्टर बहुतेक वेळा चढावर किंवा ब्रेकच्या टप्प्यावर थांबतो, तिथे बाजूला जिना असतो आणि स्टाफ येऊन एकेकाला सोडवतो. स्वतः हार्नेसशी झटापट करायची नाही, आणि वरून व्हिडिओ काढायला मोबाइल तर मुळीच नाही. तो खाली पडला तर कोणाच्या तरी डोक्यात जाईल.

वॉटरपार्कही आहे म्हणालात म्हणून थोडं. राइड्सची भीती वाटणारे आईवडील तिथे निर्धास्त होतात, मला मात्र तिथेच जास्त काळजी वाटायची. वेव्ह पूलमध्ये बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तो उभ्या उभ्या, तोंड वर करून गप्प होतो, आणि चारशे माणसांच्या किलबिलाटात ते दिसत नाही. लाइफगार्ड असला तरी नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवं. रस्त्यात विकत घेतलेली हवेची रिंग म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. घसरगुंडीवर पुढचा माणूस खालच्या पाण्यातून बाहेर पडल्याशिवाय सुटायचं नाही. तिथल्या बहुतेक टकरी मागून येणाऱ्या मित्रामुळेच होतात. नायलॉनचे कपडे सक्तीचे असतात त्यावरून वाद घालू नका, सुती टीशर्ट पाणी पिऊन जड होतो आणि घसरताना अडकतो.

फर्स्ट एडच्या खोलीत मी पाहिलेली माणसं बहुतेक राइडवरून आलेली नसायची. पहाटे पाचला उपाशी निघालेली, अकराला उन्हात चक्कर आलेली, ओल्या फरशीवर घसरलेली, किंवा दोन वडापाव आणि उसाचा रस पोटात घेऊन थेट उलट्या पाळण्यात बसलेली. बसमध्ये पोहे-उपमा खायला घाला, जेवणानंतर तासभर शो बघा किंवा सावलीत बसा.

सासूबाईंच्या जत्रेचं. मला स्वतःला जत्रा आवडते, माउंट मेरीची आणि माहीमचीही. आणि जत्रेतले कारागीर अडाणी असतात असंही कोणी समजू नये, आकाशपाळणा उभा करण्याचं त्यांचं कसब बघण्यासारखं असतं. पण तो पाळणा ट्रकमधून येतो, एका रात्रीत उभा राहतो, आठ-दहा दिवसांनी पुन्हा सुटतो. प्रत्येक वेळी शेकडो पिना नव्याने बसतात, आणि बुड मातीवर असतं. बसायच्या आधी खाली बघा. पायाशी लाकडी ओंडक्यांची बैठक एकसारखी आहे की विटांचे तुकडे कोंबलेत? पाऊस पडून जमीन खचली आहे का? पिनेच्या टोकाला अडकवायची क्लिप आहे की तिथे तार किंवा खिळा पिळलाय? पाळण्याच्या दाराला साखळीशिवाय दुसरी कडी आहे का? जनरेटरची वायर चिखलातून उघडी गेली आहे का? परवाने आणि दाखले असतातच, महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली अशा करमणुकीला परवानगी लागते. पण कागद पहिल्या दिवसाचा असतो आणि तुम्ही सातव्या दिवशी बसता. रात्री दहाला, शेवटच्या रविवारी, मालक 'एक राउंड जास्त मारतो' म्हणून पाळणा जोरात फिरवतो तेव्हा तर नकोच.

राहता राहिला तुमचा बेत. 25 डिसेंबर ते 1 जानेवारी हा आठवडा टाळता आला तर टाळा. मुलगा त्या आठवड्यात बहुतेक वेळ रांगेत काढेल, आणि 128 सेंटिमीटरला मोठ्या राइड्स तशाही मिळणार नाहीत. जानेवारीत शाळांच्या सहली असतात, पण त्या बसेस दुपारनंतर परतीला लागतात. संक्रांत झाल्यावरचा एखादा मंगळवार किंवा बुधवार बघा. सोसायटीची बस बदलता येत नसेल तर गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा आणि आत शिरल्यावर सगळे ज्या राइडकडे पळतात तिच्याकडे मुलीला पहिल्या तासात पाठवा, मुलाला घेऊन तुम्ही विरुद्ध टोकाला जा. निघण्याआधी घरीच दाराच्या चौकटीशी उभं करून मुलाची उंची अनवाणी मोजा आणि कुठल्या राइड्स त्याला चालतील त्याची यादी त्यालाच करायला लावा. पार्काच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंची दिलेली असते. म्हणजे गेटवर रडारड होणार नाही.